चुडतावरचं बारीक भोक आणि त्यातून निघालेली गांधीलमाशी

माडाचं खालचं चुडत (झावळी) पिवळं पडायला लागलं की पहिला संशय खतावर जातो. त्याआधी एक पात उलटी करून पाहा. वरून पिवळा डाग दिसतो, त्याच्या नेमक्या मागे, खालच्या अंगाला, दीड-दोन मिलिमीटरच्या गोल पातळ टिकल्या चिकटलेल्या असतील. टिकलीतून आतला लिंबाच्या रंगाचा ठिपका दिसतो. ही माडावरची खवले कीड, अ‍ॅस्पिडिओटस डिस्ट्रक्टर. आता दहापट भिंग लावून त्याच टिकल्या सावकाश बघा. दहा-वीस टिकल्यांत एखाददुसरी अशी सापडते की तिला सुईने टोचल्यासारखं गोल भोक आहे आणि आतला पिवळा ठिपका गायब आहे. ते भोक आतून पडलेलं असतं.

पाडणारी असते गांधीलमाशीच्या कुळातली, पण जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर लांबीची माशी. ती माणसाला डंख करत नाही. ट्रायकोग्रामा या अशाच बारीक परजीवी माशीची कार्डं ज्यांनी शेतात लावली आहेत त्यांना हा आकार ओळखीचा असेल. मादी खवल्याच्या अंगावर किंवा अंगात अंडं घालते, अळी खवल्याला खाऊन संपवते, तिथेच कोष होतो आणि नवी माशी भोक पाडून उडते. उवेला आपण जिवंत हवे असतो, जंतालाही. या परजीवी माशीचं तसं नाही, यजमान मेल्याशिवाय तिचं पिल्लू वाढत नाही. म्हणून ती बागायतदाराच्या कामाची.

प्रश्न असा की ती नेमकी कोण? एकाच पातीवरच्या खवल्यांतून तीन-चार वेगळ्या जातींच्या माश्या निघू शकतात, सगळ्या धुळीच्या कणाएवढ्या, त्यातल्या निम्म्या पिवळ्या. आणि त्यांतली एखादी चक्क तुमच्या मित्राची शत्रू असते.

नावावरून काय अडतं, असं वाटेल. कॅलिफोर्नियातल्या संत्री-लिंबाच्या बागांत लाल खवल्यांनी थैमान घातलं होतं. तिथे अफायटिस क्रायसोम्फाली नावाची पिवळी माशी आधीपासून होती आणि तिच्याने काही भागत नव्हतं. आशियातल्या लाल खवल्यांवरही पिवळ्या अफायटिस दिसत, पण ‘ही तीच, आपल्याकडे आहेच’ म्हणून कित्येक दशकं कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. प्रत्यक्षात त्या वेगळ्या जाती होत्या. 1947-48 मध्ये दक्षिण चीनमधून अफायटिस लिंग्नानेन्सिस नेली गेली, 1956-57 मध्ये भारत-पाकिस्तानातून अफायटिस मेलिनस. मेलिनसने मग तिथे असा जम बसवला की आज ती प्रयोगशाळेत वाढवून बागांत सोडली जाते. भिंगाखाली जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या या माश्या, पण एक कुचकामी आणि दुसरी बाग वाचवणारी.

आधी यजमान, मग माशी

हौशी माणूस माशी पकडतो आणि थेट तिचे पंख बघायला लागतो. हे उलटं झालं. माशी कशातून निघाली हे कळलं तर निम्म्याहून जास्त नावं आधीच बाद होतात.

खवले किडींत तीन मोठी घराणी आपल्याकडे रोज दिसतात. कवचवाले खवले, मऊ खवले आणि पिठ्या ढेकूण. पिठ्या ढेकूण पांढऱ्या पिठामुळे लगेच कळतो. उरलेल्या दोघांत फरक करायला एक बारीक सुई पुरते. टिकलीच्या कडेखाली सुई घालून अलगद उचला. झाकणासारखी टिकली सुटली आणि खाली पातीवर मऊ, बिनपायांचा कीटक उरला तर तो कवचवाला. झाकण म्हणजे कीटकाची कातडी नसते, ते मेण आणि जुन्या कातींचं छप्पर असतं. टिकली सुटेचना, उचलली तर सगळा कीटकच उलटून आला, तर तो मऊ खवला, त्याचं कवच म्हणजे त्याची पाठच.

दुसरी खूण मुंग्यांची. मऊ खवले आणि पिठ्या ढेकूण गोड चिकट रस सोडतात, त्यावर काळी बुरशी चढते आणि मुंग्या येतात. कवचवाले असा रस सोडत नाहीत. आंब्या-काजूवर पानं शिवून घरटं करणारे तांबडे हुमले ज्या फांदीवर राखणीला बसलेत, तिथे परजीवी माश्या कमीच मिळतात, हुमले त्यांना खवल्यावर टेकूच देत नाहीत. नमुने हवे असतील तर बिनमुंग्यांची फांदी शोधा.

मानकुराद आंब्याच्या पानावर पांढऱ्या गोल टिकल्या आणि शेजारी तीन कण्यांच्या लांबट पांढऱ्या काड्यांचे पुंजके दिसले तर तो आंब्यावरचा पांढरा खवला, औलाकास्पिस ट्युबरक्युलारिस. गोल ती मादी, काड्या ते नर. पोपायवरच्या (पपईवरच्या) पिठ्या ढेकणाची, म्हणजे पॅराकॉकस मार्जिनॅटसची, एक मजेशीर परीक्षा आहे. मादी अल्कोहोलमध्ये टाकून एक-दोन दिवस ठेवली की तिचं पिवळं अंग निळसर काळं पडतं. पपईवर इतरही पिठ्या ढेकूण येतात, म्हणून ही परीक्षा करावीच. ही कीड भारतात पहिल्यांदा 2008 मध्ये कोइम्बतूरला नोंदली गेली आणि 2010 मध्ये तिच्यासाठी पोर्तो रिकोहून असेरोफॅगस पपाये ही नारिंगी-पिवळी माशी आणली गेली. पोपायवरच्या त्या ढेकणातून पाऊण मिलिमीटरची नारिंगी माशी निघाली तर पहिला अंदाज तिचाच. पण अंदाजच, नाव नव्हे.

यजमान चुकला तर काय होतं ते आफ्रिकेत दिसलं. 1973 मध्ये काँगोकडच्या कसाव्यावर पिठ्या ढेकूण आला. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, म्हणून त्याचे शत्रू आणायला तिकडे शोध सुरू झाला. त्या खंडाच्या उत्तर भागात सापडलेला ढेकूण दिसायला तसाच, पण जात दुसरी निघाली, आणि त्याच्या माश्या आफ्रिकेतल्या ढेकणाला उपयोगाच्या नव्हत्या. खरा ढेकूण 1981 मध्ये पॅराग्वेत सापडला आणि त्याच्याबरोबर अनागायरस लोपेझी ही माशी. 2020 मध्ये हाच ढेकूण केरळात त्रिशूरला दिसला, तेव्हा मात्र कोणती माशी आणायची हा प्रश्नच उरला नव्हता.

भोक वाचायला शिका

सगळीच भोकं माशीची नसतात. परजीवीचं भोक गोल आणि कडेला स्वच्छ असतं, ड्रिल मारल्यासारखं. कवच फाटलेलं, कडा दातरलेल्या, निम्मी टिकलीच उडालेली असेल तर ते भुंगेऱ्याचं काम. माडावरच्या खवल्यांवर चिलोकोरस निग्रिटा हा चकचकीत काळा, चित्रकिड्यांपैकी भुंगेरा ताव मारतो.

आता भोक नसलेल्या, चांगल्या वाढलेल्या टिकल्या निवडा आणि झाकणं उघडा. निरोगी मादी फुगीर, गुळगुळीत, सुई लावताच पिवळा रस येणारी. काही ठिकाणी मादी चपटी, सुकलेली आणि तिच्या अंगावर बाहेरून पांढुरकी अळी चिकटलेली मिळेल. किंवा अळीऐवजी उघडा कोष, पाठीवर पडलेल्या बाळासारखा, आणि बाजूला तपकिरी रंगाच्या पाच-सात लांबट लेंड्या. कोष होण्याआधी अळीने पोट रिकामं केलेलं असतं, त्याच्या त्या खुणा. हे दृश्य दिसलं की बहुधा अफायटिस. ती बाहेरून खाणारी आहे.

तिसरा प्रकार म्हणजे खवल्याचं अंगच पिंपासारखं फुगून कडक झालेलं आणि कातडीतून आतला काळपट कोष दिसतो. ही आतून खाणारी. कवचवाल्या खवल्यांत अशी एनकार्सिया किंवा कॉम्पेरिएला असण्याची शक्यता मोठी. अजून माशी बाहेर आलेली नाही, सूक्ष्मदर्शक उघडलेला नाही, तरी आपण दोन-तीन वंशांपर्यंत पोचलो. रिकामे कोष आणि लेंड्या फेकू नका. अफायटिसच्या जुळ्या वाटणाऱ्या काही जाती कोषावरच्या काळ्या रंगावरून लवकर वेगळ्या पडतात, प्रौढ माशीवरून पडत नाहीत.

माशी जिवंत मिळवणं

नमुने गोळा करायला पावसाळा उलटल्यानंतरचे कोरडे महिने बरे. जून ते सप्टेंबर पाण्याच्या माऱ्याने रांगती पिल्लं धुऊन जातात आणि घरात आणलेली पात तीन दिवसांत बुरशीने भरते.

पातीचा दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा कापा. त्यावर एकच संशयित खवला ठेवा, बाकी सगळे सुईने खरवडून काढा. कंटाळवाणं आहे, पण इथे कसूर केली तर पुढचं सगळं वाया. तुकड्यावर दोन प्रकारचे खवले राहिले तर माशी कुणातून आली हे कायमचं अंधारात. पुस्तकांत जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूल सांगतात. गोव्याच्या दमट हवेत त्या मऊ पडून चिकटतात. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या काचेच्या छोट्या बाटल्या सोयीच्या. तोंडाला कापूस नको, तंतूंत माशीचे पाय अडकतात. मलमलही नको, अर्ध्या मिलिमीटरची एनकार्सिया तिच्या विणीतून आरामात निसटते. घट्ट विणीच्या रुमालाचा तुकडा किंवा टिश्यू पेपर रबराने बांधा. आत पातीखाली टिश्यूची पट्टी घाला, पातीतला ओलावा ती शोषून घेते. काचेवर दवाचा थेंब धरला तर माशी त्याला चिकटून बुडते, आणि भिजून चिकटलेले पंख पुन्हा नीट पसरत नाहीत.

बाटल्या उन्हात नको, खोलीच्या उजेडात ठेवा आणि रोज पाहा. अफायटिसला अंड्यापासून माशीपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे कोषावस्थेतला खवला आणला असेल तर आठवड्याभरात फळ मिळतं. चार आठवड्यांत काही निघालं नाही तर खवला उघडून बघा.

इथे एक फसगत नेहमीची. बाटलीत नाजूक, पंखवाला किडा दिसतो आणि माणूस खूश होतो, पण तो असतो खवल्याचाच नर. त्याला पंखांची एकच जोडी असते, तोंड नसतं, आणि अंगाच्या टोकाला लांब काटा किंवा दोन पांढरे धागे असतात. माशीला पंख चार. मागचे दोन बारीक असतात, म्हणून नीट शोधा.

निघालेली माशी चिमट्याने धरू नका, चिरडते. बाटली फ्रीजरमध्ये पाच मिनिटं ठेवा, मग ओल्या ब्रशच्या टोकावर उचला. जिवंत असताना किंवा मेल्यावर लगेच फोटो काढून रंग लिहून ठेवा, कारण पुढच्या प्रक्रियेत रंग जातो. डोळ्यांचा, अंगाचा, पायांचा, प्रत्येकाचा वेगळा.

साठवायला इथेनॉल. डीएनए तपासायचा असेल तर 95 टक्क्यांच्या वर आणि फ्रीजरमध्ये, फक्त स्लाइड करायची असेल तर 70 ते 80 टक्के. गोव्यात हा प्रश्न येणारच, म्हणून सांगून टाकतो: फेणीत चालत नाही. तिच्यात अल्कोहोल साधारण 40 ते 45 टक्के, बाकी पाणी, त्यात माशी हळूहळू कुजते. उराक तर त्याहून सौम्य. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका आणि पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि महिन्याभराने हातात कोरा कागद येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली काय मोजायचं

वर्गवारीसाठी 40 पट दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक पुरतो, मोजणीसाठी 100 ते 400 पटींचा साधा सूक्ष्मदर्शक आणि स्लाइड लागते. मादीच निवडा, ओळखीच्या किल्ल्या, म्हणजे लक्षणं ताडत नावापर्यंत नेणाऱ्या याद्या, बहुतेक माद्यांवर लिहिलेल्या असतात. पोटाच्या टोकाशी अंडं घालायची नळी दिसली की मादी.

पहिली नजर मिशीवर. मिशीचे चार भाग धरा: डोक्याजवळचा लांब दांडा, त्यापुढचा मणी, मधली पेरं आणि टोकाची गदा. अफायटिसच्या मादीत हिशेब असा: दांडा 1, मणी 1, मधली पेरं 3, गदा 1, एकूण 6. एनकार्सियात दांडा 1, मणी 1, मधली पेरं आणि गदेची मिळून बहुधा 6, एकूण 8. एन्सिर्टिडी घराण्यातल्या बहुतेक माद्यांत मधली 6 आणि गदेची 3 धरून 11. सिग्निफोरिडी घराण्यातल्यांची गदा लांबलचक, एकसंध, आणि मधली पेरं इतकी बारीक की नुसत्या कड्या वाटतात.

अफायटिसमध्ये इथे हमखास चूक होते. तिच्या तीन मधल्या पेरांपैकी पहिली दोन आखूड चकत्यांसारखी असतात, तिसरं मोठं. कमी प्रकाशात त्या दोन चकत्या एक वाटतात किंवा मण्यात मिसळतात, आणि सहाची बेरीज पाचावर येते. मग किल्लीत भलतीकडे वळण. फोकस वर-खाली करत मोजा आणि दोन्ही मिश्या मोजा.

दुसरी नजर छातीच्या बाजूवर आणि मधल्या पायावर. एन्सिर्टिडींच्या छातीची बाजू एका मोठ्या फुगीर ढालीसारखी, मध्ये खाच नसलेली. मधल्या पायाच्या नडगीला टोकाशी जाड लांब काटा. त्याच जोरावर त्या उड्या मारतात. बाटली उघडताच पिसवेसारखी उडी मारून पळाली तर पहिला संशय एन्सिर्टिडीवर घ्या. कॉम्पेरिएला, असेरोफॅगस, अनागायरस सगळ्या याच घराण्यातल्या. अफायटिस आणि एनकार्सिया अफेलिनिडीतल्या.

तिसरी नजर पुढच्या पंखावर. अफायटिसच्या पंखावर बारीक केसांच्या गर्दीतून तिरका, बिनकेसांचा पट्टा जातो, भांग पाडल्यासारखा. त्या भांगाच्या आत, पंखाच्या मुळाकडच्या त्रिकोणात किती केस आहेत हे जात ठरवताना मोजतात. एनकार्सिया सिट्रिना या बारक्या जातीचा पंख अरुंद आणि त्याच्या कडेची झालर लांब, पिसासारखा दिसतो. माडावरच्या आणि आंब्यावरच्या दोन्ही खवल्यांतून ही निघू शकते.

पंखांवर चित्त्यासारखी नक्षी दिसली, पायांवर पट्टे दिसले, तर सावध. ती मॅरिएटा. खवल्याला खाणाऱ्या अफायटिसला ती खाते, म्हणजे चोरावर मोर. पिठ्या ढेकणांतून निघणारी सिग्निफोरिडीतली काळी कार्टोसेरस तसलीच. या दोघींना ‘मित्रकीटक’ म्हणून वाढवून बागेत सोडणं म्हणजे आपल्याच राखणदाराच्या मुळावर उठणं. एनकार्सियात तर घरातच गोंधळ आहे. अनेक जातींत मादी खवल्यावर किंवा पांढऱ्या माशीवर वाढते आणि नर मात्र परजीवीच्या अळीवर, कधी आपल्याच जातीच्या मादी-अळीवर वाढतो. एकाच बाटलीतून वेगळ्या दिसणाऱ्या दोन माश्या निघाल्या म्हणून दोन जाती, असं लगेच लिहू नका.

अफायटिसच्या जातीपर्यंत जायचं तर छाती आणि पोट यांच्यामधल्या पट्टीच्या मागच्या कडेचे सूक्ष्म दातरे बघतात, ते एकमेकांवर चढलेले की सुटे. हे 400 पटींखाली, आणि चांगल्या स्लाइडवरच दिसतं.

स्लाइड

माशी 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर, किंवा गरम पाण्याच्या भांड्यात बशी ठेवून पाच-दहा मिनिटं. उकळू द्यायचं नाही. आतलं मांस विरघळून कातडी पारदर्शक झाली की थांबा. जास्त वेळ राहिली तर केस गळतात आणि मोजायला काही उरत नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, हे द्रावण कातडी जाळतं. नंतर पाण्यात दोन थेंब अ‍ॅसेटिक आम्ल टाकून धुवा, मग 70, 80, 95 आणि निर्जल इथेनॉलमध्ये प्रत्येकी दहा मिनिटं, शेवटी लवंग तेलात. पाणी राहिलं तर पुढे बाल्समला, म्हणजे ज्या पारदर्शक राळेत माशी बसवतात तिला, दुधाळ ढग येतो, हे अपयशाचं पहिलं कारण.

लवंग तेलातच सुईने एक पंख, मिश्या, डोकं आणि धड वेगळं करा आणि कॅनडा बाल्समच्या छोट्या थेंबांत वेगवेगळ्या काचेखाली बसवा. सगळं एका काचेखाली ठेवलं तर धडाच्या जाडीमुळे मिशी फोकसमध्ये येत नाही. स्लाइड 40 अंशांच्या पेटीत काही आठवडे सुकवा. बाल्समऐवजी हॉयरचं द्रावण झटपट काम करतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं. इथल्या जूनमध्ये कड सील न केलेली त्याची स्लाइड पाझरते.

एन्सिर्टिडी मात्र एखादी तरी कोरडी, कार्डावर चिकटवून ठेवा. त्यांच्या अंगाची धातूसारखी निळी-हिरवी झाक स्लाइडमध्ये हरवते. अफेलिनिडी अशा सुकवल्या तर डोकं आत दबून खजूर होतं.

डीएनए बारकोडचा मार्ग आहे, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नये. सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचून जाहीर संग्रहांशी ताडून बघतात. तिथल्या नोंदी लोकांनीच भरलेल्या असतात, आणि चुकीचं नाव लावलेली माशी संग्रहात असली तर संगणक तुम्हालाही तेच चुकीचं नाव 99 टक्के जुळणीसह देतो. माशी न चिरडता, कातडी शाबूत ठेवून डीएनए काढता येतो. तसंच करा, म्हणजे त्याच माशीची स्लाइड बनते.

शेवटचा निवाडा तज्ज्ञाचा, आणि तज्ज्ञांनाही नाव बदलावं लागतं. कापसावरच्या पिठ्या ढेकणात भारतात सापडलेली एनासियस वंशातली माशी 2009 मध्ये अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी एनासियस बंबावालेई म्हणून नवी जात नोंदवली. पुढे कळलं की ती अमेरिकेतून पूर्वीच वर्णन झालेली एनासियस अ‍ॅरिझोनेन्सिस आहे. हयातांसारख्या माणसाच्या हातून असं होतं, तेव्हा आपण वंशापर्यंत पोचून ‘अफायटिस, जात अनिश्चित’ लिहिलं तर त्यात कमीपणा नाही.

नमुना जुन्या गोव्यातल्या किनारी कृषी संशोधन संस्थेकडे न्या किंवा बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संपदा ब्यूरोकडे पाठवा, बाटलीतल्या चिठ्ठीवर एवढं असलंच पाहिजे: झाड, झाडाचा भाग, खवल्याचं नाव किंवा निदान फोटोचा क्रमांक, गाव आणि तालुका, पात तोडल्याची तारीख, माशी निघाल्याची तारीख. आणि ज्या खवल्यातून ती निघाली तो खवला, भोकासकट, त्याच बाटलीत.